लिंबू, मोसंबी, संत्री: जास्त झाली तर शरीरात नेमकं काय होतं?

सोलापुरात मार्च उलटला की पारा चाळिशीकडे सरकतो आणि नेमकी तेव्हाच मंडईत लिंबं महाग होतात. लिंबाच्या झाडाला आपसूक जे भरघोस फळ येतं, ते निघतं पावसाळ्यात. ऐन उन्हाळ्यात फळ काढायचं तर बागायतदाराला हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरताना येणारा फुलोरा, धरावा लागतो आणि तो साधणं कठीण. भाव चढले तरी घरात लिंबू लागतंच. दुपारी सरबत, संध्याकाळी लिंबू सोडा, पोह्यांवर फोड, मटणाच्या ताटात फोड, आणि फडताळात लोणच्याची बरणी. हिवाळ्यात नागपूरकडची संत्री येतात, जालन्याकडची मोसंबी तर जवळपास वर्षभर असते. कुणी आजारी पडलं की पिशवीत आधी मोसंबीच जाते.

एवढं सगळं पोटात जातं म्हटल्यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, “फळ आहे, कितीही खा.” दुसरा म्हणतो, “आंबट सोडा, सांधे धरतात, पित्त होतं, कफ होतो.” मला यातलं एकही मत पटत नाही. फळ कोणत्या रूपात खाल्लं जातंय, सबंध, रस काढून, दिवसभर घोट घोट की गोळी करून, आणि खाणाऱ्याचे दात, किडन्या आणि चालू औषधं कशी आहेत, यावर सगळं ठरतं. धडधाकट माणसाने दिवसाला दोन-तीन संत्री खाल्ली तर त्याचं काहीही बिघडत नाही, उलट भलंच होतं. पण तीच संत्री डायलिसिसवरच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतात. हा फरक घराघरांत नीट कळायला हवा, म्हणून हा लेख.

क जीवनसत्त्वाचा हिशेब

लिंबूवर्गीय फळांचं नाव निघालं की पहिली आठवण क जीवनसत्त्वाची होते. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या वैद्याने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू दिलं, ते झपाट्याने सुधारले. हिरड्यांतून रक्त, जुन्या जखमा उघडणं, शेवटी मृत्यू, असा हा आजार. तो बरा करणारा पदार्थ क जीवनसत्त्वच आहे हे समजायला मात्र पुढे जवळजवळ दोनशे वर्षं गेली.

आता आपला हिशेब करू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला ८० मिलीग्रॅम आणि बाईला ६५ मिलीग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. संत्र्याच्या १०० ग्रॅम गरात ते साधारण ५० मिलीग्रॅम असतं. म्हणजे दोन मध्यम संत्र्यांत दिवसाची गरज भागते. पेरूत ते याच्या चौपट असतं, आवळ्यात त्याहूनही जास्त. लिंबाचा गाजावाजा मोठा, पण एका कागदी लिंबाच्या रसात ते जेमतेम आठ-दहा मिलीग्रॅमच्या आतबाहेर. तेही उकळत्या आमटीत पिळलं तर आणखी घटतं, म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर पिळावं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना रोज आणखी ३५ मिलीग्रॅमच्या आसपास लागतं, कारण धुरामुळे हे जीवनसत्त्व शरीरात लवकर खर्ची पडतं.

जास्त झालं तर? दिवसाला २००० मिलीग्रॅम ही मोठ्या माणसासाठी वरची मर्यादा मानतात. तेवढं नुसत्या संत्र्यांतून मिळवायचं तर चार किलो गर खावा लागेल. ते कुणी खात नाही आणि खाल्लं तर आधी पोट बिघडेल. ही मर्यादा ओलांडली जाते ती गोळ्यांनी. पाचशे मिलीग्रॅमच्या चघळायच्या गोळ्या दुकानात सहज मिळतात, चवीला छान असतात आणि करोनाच्या काळापासून अनेक घरांत त्या पेपरमिंटसारख्या खाल्ल्या जातात. एका वेळी एक ग्रॅमहून जास्त घेतलं तर शरीर त्यातलं निम्मंसुद्धा शोषत नाही. उरलेलं जुलाब, पोटात कळ असा त्रास देतं किंवा लघवीवाटे निघून जातं, आणि शोषलेल्यातला काही भाग ऑक्झलेटमध्ये बदलतो. मुतखड्यात सर्वांत जास्त सापडणारं द्रव्य म्हणजे हेच ऑक्झलेट, कॅल्शियमच्या जोडीने. स्वीडनमधल्या पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीत, जी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या नियमित घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळलं. फळांतून मिळणाऱ्या क जीवनसत्त्वाला हा दोष लावता येत नाही.

आणि सर्दी? रोज क जीवनसत्त्व घेतल्याने सर्वसामान्य माणसाला सर्दी होण्याचं टळत नाही, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलं आहे. आधीपासून नियमित घेत असाल तर सर्दीचा मुक्काम थोडा कमी होतो, मोठ्यांत आठ टक्क्यांच्या आसपास. सर्दी सुरू झाल्यावर घेतलं तर तेवढाही फायदा ठामपणे दिसत नाही. संत्र्याने कफ वाढतो या समजालाही आधार नाही.

दात: सगळ्यात जास्त नुकसान इथेच

आंबट खाल्लं की दात आंबतात, हे लहान मुलालाही माहीत असतं. पण नुसतं दात आंबून थांबत नाही. दाताचं सर्वांत वरचं कवच, एनॅमल, हे शरीरातलं सर्वांत टणक द्रव्य आहे, पण आम्लापुढे ते टिकत नाही. आम्लता मोजायच्या पट्टीवर, म्हणजे पीएचवर, तोंडातला आकडा साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधले क्षार विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा आकडा दोन ते अडीचच्या दरम्यान असतो, संत्र्या-मोसंबीचा साडेतीन-चारच्या पुढेमागे. या पट्टीवर एक आकडा खाली म्हणजे दहापट आम्ल. त्यामुळे लिंबू आणि मोसंबी यांना एकाच मापात धरता येत नाही.

हे रोज होऊनही सगळ्यांचे दात झिजत नाहीत, याचं श्रेय लाळेला. लाळ आम्ल पातळ करते, त्याचा जोर मोडते आणि कॅल्शियम-फॉस्फेट देऊन मऊ झालेला थर पुन्हा टणक करते. फक्त तिला वेळ लागतो, अर्धा तास तरी, कधी त्याहून जास्त.

आता आपल्या गावचं ऊन यात घाला. मे महिन्यात उघड्यावर काम करणाऱ्याचं किंवा पत्र्याखाली यंत्रमागावर उभं राहणाऱ्याचं पाणी घामावाटे जातं, तोंड कोरडं पडतं, म्हणजे लाळ कमी. अशा कोरड्या तोंडात लिंबाचं पाणी जातं. आणि एकदम नाही जात. बाटलीत लिंबू पिळून, चकत्या टाकून ती दिवसभर जवळ ठेवायची आणि दर दहा मिनिटांनी घोट घ्यायचा, ही पद्धत हल्ली तब्येतीची काळजी घेणाऱ्यांतच जास्त दिसते. प्रत्येक घोटाला दातांवर नव्याने आम्ल येतं आणि लाळेला कामाला सवडच मिळत नाही. तेवढंच लिंबू एका पेल्यात पिळून जेवताना पिऊन टाकलं तर दातांना त्याच्या कितीतरी कमी त्रास होतो. किती प्यायलं यापेक्षा किती वेळ तोंडात राहिलं, हे दातांसाठी मोठं.

झीज कशी ओळखायची? थंड पाण्याने कळ येते. समोरच्या दातांच्या कडा पातळ होऊन काचेसारख्या आरपार दिसू लागतात. दात पिवळसर दिसतात, कारण पांढरं कवच झिजून आतला पिवळा थर वर आलेला असतो. मग तो पिवळेपणा घालवायला काही जण लिंबाची साल, मीठ, खायचा सोडा घेऊन दात घासतात. हे कृपा करून करू नका. मऊ पडलेल्या कवचावर मीठ घासणं म्हणजे उरलंसुरलं कवच खरवडून काढणं, आणि एकदा गेलेलं एनॅमल पुन्हा येत नाही. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करणंही याच कारणाने वाईट. साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा, ब्रश अर्ध्या-एक तासाने करा. सरबत स्ट्रॉने प्या, घोळवत बसू नका. गरोदरपणात आंबटाचे डोहाळे आणि उलट्या दोन्ही एकत्र येतात. उलटीतही आम्ल असतं. तेव्हाही आधी चूळ, ब्रश नंतर. आणि वर सांगितलेली क जीवनसत्त्वाची चघळायची गोळीसुद्धा दातांच्या दृष्टीने आम्लच आहे.

पित्त आणि जळजळ

“लिंबाने पित्त वाढतं” हे अर्धं खरं. पोटात मुळातच जे आम्ल असतं त्याची तीव्रता लिंबाएवढी किंवा त्याहून जास्त असते. त्यामुळे लिंबू पोटातलं आम्ल वाढवतं असं म्हणण्यात अर्थ नाही. पोटातल्या अल्सरलाही आंबट जबाबदार नाही. बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापरामुळे होतात. हा जिवाणू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं.

खरा त्रास अन्ननलिकेत होतो. ज्यांना घशाशी येतं, आंबट ढेकर येतात, रात्री छातीत जळतं, त्यांची अन्ननलिका आधीच सोलवटलेली असते आणि तिला संत्र्याचा रसही झोंबतो. प्रत्येकाला झोंबतो असं नाही. म्हणून सरसकट बंद करण्यापेक्षा आठ-पंधरा दिवस सोडून पाहावं, फरक पडला तर कळेल. उपाशीपोटी आणि झोपायच्या आधी टाळलं तरी बऱ्याच जणांचं भागतं. तोंड आलं असेल तेव्हा मात्र आंबट थांबवावं, तिथे वादच नाही.

सकाळी कोमट पाण्यात लिंबू घेतल्याने चरबी वितळत नाही. त्याने रक्त “अल्कलाइन” होत नाही, कारण रक्ताचं पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात फुप्फुसं आणि किडन्या राखतात. आणि मोसंबीनंतर दूध प्यायलं तर पोटात फाटेल ही भीतीही सोडून द्या. दूध पोटात गेलं की फाटतंच, पचनाची सुरुवात तशीच होते. सांध्यांबद्दल एवढंच, की फळाच्या आंबटपणाने सांधे धरतात असं दिसत नाही. ज्यांना युरिक अॅसिड वाढून गाऊट झाला आहे त्यांनी गोड रस मात्र बेताने घ्यावेत, कारण फळातली फ्रुक्टोज साखर युरिक अॅसिड वाढवते. तिथे दोष गोडाचा असतो.

किडनी: कुणाला औषध, कुणाला धोका

आपल्याकडे मुतखडा घरोघरी माहीत आहे, आणि उष्ण हवेत तो जास्त होतो याचं कारण सरळ आहे. घाम जास्त, पाणी कमी, लघवी घट्ट. घट्ट लघवीत कॅल्शियम आणि ऑक्झलेट एकमेकांना चिकटून खडे धरतात. लिंबूवर्गीय फळांतलं सायट्रेट इथे कामाला येतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, मग ऑक्झलेटला जोडीदार मिळत नाही. शिवाय सायट्रेट लघवीची आम्लता कमी करतं, त्यामुळे युरिक अॅसिडचे खडेही व्हायला अडसर येतो. म्हणून ज्यांच्या लघवीत सायट्रेट कमी आहे त्यांना डॉक्टर दिवसाला अर्धा कप लिंबाचा रस भरपूर पाण्यात मिसळून घ्यायला सांगतात. याचा गुण सगळ्यांना सारखा येत नाही. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी पिणं हा पहिला उपाय, लिंबू त्याच्या जोडीला. आणि खडा कोणत्या जातीचा हे आधी तपासून घ्यावं, कारण जंतुसंसर्गामुळे होणारे किंवा फॉस्फेटचे खडे लघवीची आम्लता कमी झाल्यावर वाढतात. शेजाऱ्याला लागू पडलं म्हणून आपण लिंबू पीत राहायचं, असं यात चालत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. किडन्या निकामी होत चाललेल्या माणसाला पोटॅशियमची भीती असते. निरोगी किडनी जादा पोटॅशियम लघवीवाटे टाकून देते. आजारी किडनीला ते जमत नाही आणि ते रक्तात साठत जातं. रक्तात ते लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलीमोल या दरम्यान असावं. सहा-सातच्या पुढे गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि कसलीही पूर्वसूचना न देता हृदय बंद पडू शकतं. एका मोठ्या पेल्यात, म्हणजे पाव लिटर संत्र्याच्या रसात, ४५० ते ५०० मिलीग्रॅम पोटॅशियम असतं. अशा रुग्णाला दिवसभरात सगळं मिळून बऱ्याचदा दोन हजारांच्या आतबाहेरच मुभा असते.

आणि आपण दवाखान्यात भेटायला जाताना काय नेतो? मोसंबी आणि शहाळं. शहाळ्याच्या पाण्यात तर पोटॅशियम रसाहूनही जास्त. माया करायची म्हणून नातेवाईक एक पेला रस पाजतात, दुसरा येतो तो शहाळं फोडून देतो, रुग्ण संकोचाने नाही म्हणत नाही, आणि रात्री त्याच्या हातापायांतली ताकद जाते, छातीत धडधडायला लागतं. हे टाळता येण्यासारखं आहे. किडनीच्या रुग्णाकडे जाताना फळ न्यायचंच असेल तर आधी घरच्यांना विचारा, “काय चालतं?” सफरचंदाची एखादी फोड साधारणपणे चालते. लिंबू अगदीच वर्ज्य नसतं. जेवणावर पिळलेल्या एका लिंबात पोटॅशियम पंचवीस मिलीग्रॅमच्या आसपास, म्हणजे नगण्य. उलट मीठ कमी केलेल्या भाजीला लिंबाने चव येते, म्हणून आहारतज्ज्ञ ते सुचवतातही. धोका पेलाभर रसाचा आहे.

रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं, कारण ही औषधं पोटॅशियम शरीरात रोखून धरतात. किडनी धड असेल तर रोजच्या एक-दोन फळांनी काही होत नाही. पण वय झालेलं, मधुमेह जुना, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं आणि त्यात यातली एखादी गोळी, अशी परिस्थिती असेल तर रसाचा रोजचा पेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

पपनस आणि गोळ्या

१९८९ साली कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाचं फेलोडिपिन हे औषध आणि दारू यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूट या कडसर-आंबट परदेशी फळाचा रस वापरला. पाहतात तो औषधाची रक्तातली पातळी अपेक्षेच्या कितीतरी पट. दोष दारूचा नव्हता, रसाचा होता.

झालं होतं ते असं. आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. गावाच्या वेशीवर जकात नाका असावा तसं ते काम करतं: येणाऱ्या कित्येक औषधांचा मोठा हिस्सा तिथेच मोडून टाकतं आणि उरलेलं रक्तात सोडतं. औषधाची मात्रा ठरवताना ही वजावट धरलेली असते. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकूमरिन नावाची द्रव्यं हे विकर कायमचं निकामी करतात. मग गोळी एक घेतली तरी रक्तात ती दोन-तीन गोळ्यांएवढी उतरते, काही औषधांच्या बाबतीत त्याहूनही जास्त. शरीराला नवं विकर तयार करायला एक ते तीन दिवस लागतात. त्यामुळे “रस सकाळी आणि गोळी रात्री” ही युक्ती इथे चालत नाही.

आपल्याकडे ग्रेपफ्रूट फारसं खात नाहीत, मग ही कथा कशाला? कारण गणपतीच्या सुमारास बाजारात येणारं पपनस हे त्याचं सख्खं नातलग आहे आणि त्यातही हीच द्रव्यं असतात. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन किंवा अॅटॉरव्हास्टॅटिन, रक्तदाबासाठी निफेडिपिन किंवा फेलोडिपिन, फिट्ससाठी कार्बामॅझेपिन, हृदयाच्या ठोक्यांसाठी अॅमिओडॅरोन, किडनी बदलल्यावर टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन, यांतलं काही चालू असेल तर पपनस आणि ग्रेपफ्रूट खायच्या आधी डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा. किडनी बदललेल्या माणसाने तर ती खाऊच नयेत. मोसंबी आणि नागपुरी संत्र्यात ही द्रव्यं नगण्य असतात, त्यामुळे या औषधांसोबत ती चालतात.

एक उलट उदाहरणही आहे. धुळीच्या अॅलर्जीसाठी घेतात ती फेक्सोफेनाडिनची गोळी संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर नीट शोषलीच जात नाही आणि शिंका थांबत नाहीत. गोळी पाण्याबरोबरच घ्यावी.

पेलाभर रसात काय असतं

रसाच्या गाड्यावर जरा थांबून पाहा. तीन-चार मोसंबी सोलून यंत्रात जातात, चोथा एका बाजूला पडतो, रस गाळणीतून पेल्यात येतो. मग त्यात चमचाभर साखरेचा पाक, चिमूटभर काळं मीठ, बर्फ. प्यायला दोन मिनिटं. तीच चार मोसंबी सालीसकट समोर ठेवली तर सोलून खाता खाता दुसरीलाच हात थांबतो. चोथ्यात गेलेला तंतुमय भाग साखर हळूहळू रक्तात सोडणारा होता, पोट भरल्याचं सांगणारा होता. उरलेल्या पाव लिटर रसात फळाचीच साखर वीस ग्रॅमहून जास्त, वर पाकाची वेगळी. जागतिक आरोग्य संघटना रसातल्या साखरेला बाहेरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवते आणि अशी साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी, असं सांगते. एका पेल्यात ती संपली. अमेरिकेतल्या दीर्घकाळ चाललेल्या पाहण्यांतही सबंध फळं खाणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण कमी आणि रस पिणाऱ्यांत थोडं जास्त दिसलं आहे.

मधुमेह असणाऱ्याने एका वेळी एक संत्रं किंवा एक मोसंबी खावी, रस टाळावा. रस त्याने एकाच प्रसंगी आवर्जून प्यावा: साखर एकदम उतरून घाम सुटला, हात कापायला लागले तर. तेव्हा अर्धा पेला गोड रस हे औषध आहे. दोन वर्षांखालच्या बाळांना फळांचा रस देऊ नये, असं भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. फळाचा गर द्यावा.

उन्हातून आल्यावर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत चांगलंच, साखर तेवढी हात राखून घाला. मात्र जुलाब-उलट्या चालू असतील तर सरबतावर विसंबू नका. तिथे ओआरएसच लागतं, त्यातल्या मीठ-साखरेचं प्रमाण मोजून ठरवलेलं असतं.

त्वचा आणि ऊन

कागदी लिंबाच्या सालीत त्वचेला उन्हाबाबत हळवी करणारी द्रव्यं असतात. लिंबाचा रस हातावर राहिला आणि तो हात कडक उन्हात गेला, तर एक-दोन दिवसांनी तिथे भाजल्यासारखे फोड येतात, आणि ते बरे झाले तरी काळे डाग कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने राहतात. लोणच्यासाठी शंभर लिंबं चिरून तसंच गच्चीवर वाळवण घालायला जाणाऱ्या बायकांनी आणि गाड्यावर दिवसभर लिंबं पिळणाऱ्यांनी हात साबणाने धुऊन मगच उन्हात जावं. चेहरा उजळावा म्हणून लिंबू चोळणं सोलापूरच्या उन्हात तर अजिबात नको. उजळायच्या ऐवजी डाग पडतील.

२०१५ साली अमेरिकेतल्या लाखाहून जास्त गोऱ्या लोकांच्या पाहणीत लिंबूवर्गीय फळं, विशेषतः ग्रेपफ्रूट, खूप खाणाऱ्यांत मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण काहीसं जास्त दिसलं होतं. बातमी खूप फिरली. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं सिद्ध होत नाही, आणि सावळ्या त्वचेच्या लोकांत हा कर्करोग मुळातच विरळा. त्यावरून संत्री सोडण्याचं कारण नाही.

हिवाळ्यात रोज ढीगभर संत्री खाणाऱ्या मुलांचे तळहात कधी कधी पिवळट-केशरी दिसतात. संत्र्यातला रंग त्वचेत साठतो, एवढंच. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर ती कावीळ नाही. संत्री कमी केली की काही आठवड्यांत रंग जातो. डोळे पिवळे असतील तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

भाकरीबरोबर फळ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आपल्या ज्वारीच्या भाकरीत, शेंगा चटणीत, मेथी-चुक्याच्या भाजीत लोह असतं, पण धान्यातलं फायटेट ते अडवून धरतं. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर लोह शोषलं जाण्याचं प्रमाण दुपटीच्या पुढे जाऊ शकतं. नुसत्या लिंबाच्या फोडीतून तेवढं क जीवनसत्त्व मिळत नाही. जेवणासोबत एक संत्रं, मोसंबी किंवा पेरूच्या चार फोडी घ्या, आणि जेवणावरचा चहा तास-दीड तास पुढे ढकला, कारण चहा लोह अडवतो. लिंबाच्या लोणच्यावर मात्र विसंबू नका. त्यात मीठ भरपूर असतं आणि दिवसाचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं. रक्तदाब असेल तर लोणच्याची फोड अर्धी करा.

थॅलेसेमिया या जन्मजात रक्तविकाराच्या ज्या मुलांना वरचेवर रक्त चढवावं लागतं, त्यांच्या शरीरात लोह आधीच जास्त साठलेलं असतं. त्यांना क जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय द्यायच्या नाहीत, आणि लोहाचं शोषण वाढवणारी ही फळं जेवणाबरोबर द्यायची की दोन जेवणांच्या मधे, हेही त्यांच्याच डॉक्टरांना विचारून ठरवायचं.